ताराबाई मोडक

१९२० नंतरच्या काही वर्षांत मुंबई सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्या बी. डी. डी. चाळी म्हणून प्रसिद्ध आहेत. एकट्या वरळीस अशा १२१ इमारती होत्या. एकेका खोलीत सबंध कुटुंब राही. बाप गिरणीत पाळीवर, आई आपल्या कामात. मग लहान मुलाचा दिवस जावयाचा तो बाहेरच्या बोळात. ते भिंतीवर कोळशाने रेघोट्या ओढी, धाकट्यांना मारी, हाक मारली तर पळून जाई. वडील माणसे त्याला व्रात्य ठरवून मोकळी होत. असल्या मुलाला घरी बापाचा हात आणि शाळेत मास्तरांची छडी, याखेरीज तिसरा उपाय त्या काळी फारसा कोणास ठाऊक नव्हता.

हा तिसरा उपाय महाराष्ट्राला ज्यांनी दाखविला, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे अनुयायी व सुधारक होते. १९१४ साली ताराबाई बी. ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन ताराबाई स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या आणि राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. मानाची व चांगल्या वेतनाची ती जागा सोडून १९२३ साली त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या.

गिजुभाईंनी ज्या पद्धतीचा स्वीकार केला होता तिचा उगम मोठा लक्षात घेण्याजोगा आहे. इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी प्रथम हाती घेतली ती मंदबुद्धी म्हणून वेड्यांच्या इस्पितळात डांबलेली मुले. जेवणानंतर ही मुले जमिनीवरचे पावाचे कण चिवडीत बसत. पाहणाऱ्यांना तो त्यांचा हावरेपणा वाटे. माँटेसरीबाईंना दिसले ते असे, की त्या उघड्या खोलीत मुलांच्या हातांना करण्यासारखे दुसरे काहीच नाही. त्यांनी हातांना काम दिले, आणि मुले शिकू लागली. नंतर १९०७ साली रोममधील कामगारांच्या एका चाळीत त्यांना बोलावणे आले. तेथील मुले दिवसभर एकटी राहून जिने व भिंती खराब करीत. तो उपद्रव थांबावा, एवढीच मालकांची इच्छा होती. त्यातून त्यांचे पहिले बालगृह उभे राहिले. वरळीच्या आणि रोमच्या चाळींतील मुलांत असा फरक तो किती?

ताराबाईंनी हीच दृष्टी घेतली व आयुष्यभर जपली. मूल आदळआपट करते तेव्हा ते काहीतरी सांगत असते. ते काय, हे शिक्षकाने शोधले पाहिजे. केव्हा चिडते, कशानंतर चिडते, भूक लागली होती काय, चालू काम कोणी हिसकावले काय, कोणाच्या धाकाने ते कोपऱ्यात बसते, हे पाहिल्यावाचून शिक्षेचा विचार करणे त्यांना मान्य नव्हते. मारामुळे मूल गप्प होते, शहाणे होत नाही, असे त्यांचे मत होते. बक्षिसाचे आमिषही त्यांना नको असे. काहींनी याचा अर्थ मुलांना मोकाट सोडणे असा केला. तो सर्वस्वी चुकीचा आहे. दुसऱ्यास इजा करण्याची मोकळीक त्यांच्या बालमंदिरात कोणासच नव्हती. वस्तू जागच्या जागी ठेवण्याचा नियम लहानथोर सर्वांना सारखाच होता. 'बालकांचा हट्ट', 'बालविकास व शिस्त' ही पुस्तके लिहून आणि 'शिक्षणपत्रिके'चे संपादन करून त्यांनी हे विचार मराठी आईबापांपर्यंत पोहोचविले.

१९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केला. तेथे मध्यमवर्गाची मुले येऊ लागली. गिरण्यांचे भोंगे दादरला ऐकू येत. पण गिरणगावातील मुलांना असे शिक्षण परवडणारे नव्हते. माँटेसरी साधने फार महाग होती. ज्यांना या शिक्षणाची सर्वांत अधिक गरज, तीच मुले बाहेर राहत होती. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या.

तेथील काम सोपे नव्हते. गरिबांची मुले बालवाडीत येईनात. आणली तर पळून जात. त्यांना धरून आणण्याऐवजी ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. प्रथम मुलांना न्हाऊ घालावयाचे, खाऊ द्यावयाचा, मग गाणी व खेळ. महाग साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने आणि खडे आले. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरांमागे रानात जात. तेव्हा त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली. मूल शाळेत बसत नसेल तर शाळेने उठावे, हा तेथला साधा हिशेब होता.

१९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण ही पदवी दिली. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे चालविले. १९७५ साली केंद्र सरकारने देशभर बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. पुढे मुंबईच्या कामगारवस्त्यांतूनही अशा अंगणवाड्या भरू लागल्या.