मेन स्विचवर ज्यांचे नाव असते ते अँपियर



आपल्या वीजबिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. गिझर किंवा इस्त्री घ्यायला गेलो तर तिच्यावरही वॅट लिहिलेले असतात. परंतु घरातील एमसीबी, प्लग आणि एक्स्टेंशन बोर्ड यांवरचा आकडा असतो तो अँपियरचा. एकाच विजेची ही दोन मापे कशासाठी आणि एकावरून दुसरे कसे काढायचे, हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ घरांत प्लग वितळतात, कधी आगही लागते. ज्यांच्या नावाने हे माप ओळखले जाते ते आंद्रे-मारी अँपियर एक श्रद्धावंत कॅथलिक होते. या रविवारी आम्ही त्यांच्या जीवनाची ओळख करून देत आहोत.

अँपियर यांचा जन्म २० जानेवारी १७७५ रोजी फ्रान्समधील लिऑन शहरात झाला. वडील रेशमाचे व्यापारी होते. शहराजवळच्या खेड्यातील घरी आंद्रे लहानाचा मोठा झाला. त्याला शाळेत घातले गेले नाही. वडिलांच्या ग्रंथसंग्रहात तो हवे ते वाचत असे. गणिताचे मोठे ग्रंथ लॅटिनमध्ये आहेत असे कळताच त्याने लॅटिन शिकून घेतली.

पुढे फ्रेंच राज्यक्रांतीचे वादळ आले. वडील तेव्हा लिऑनमध्ये न्यायाधीश होते. १७९३ च्या नोव्हेंबर महिन्यात क्रांतिकारकांनी त्यांचा गिलोटिनवर शिरच्छेद केला. अठरा वर्षांच्या आंद्रेला या धक्क्याने इतके ग्रासले की वर्षभराहून अधिक काळ त्याने पुस्तकाला हात लावला नाही. वनस्पतींचा अभ्यास करता करता त्याचे मन हळूहळू पुन्हा जागे झाले.

१७९९ मध्ये त्यांचा ज्युली यांच्याशी विवाह झाला आणि पुढल्या वर्षी मुलगा जन्मला. अँपियर यांना दुसऱ्या गावी शिक्षकाची नोकरी मिळाली, पण आजारी पत्नीला लिऑनमध्येच राहावे लागले. याच काळात त्यांनी जुगाराच्या गणितावर निबंध लिहिला आणि अमाप पैसा असलेल्या प्रतिपक्षासमोर जुगारी अखेर कफल्लकच होतो, हे आकडेमोडीने दाखवून दिले. १८०३ मध्ये ज्युली वारल्या. त्यानंतर ते पॅरिसला गेले. तेथे दुसरा विवाह केला, पण तो टिकला नाही. त्या विवाहातील मुलीचा सांभाळ त्यांनीच केला. पॅरिसच्या या वर्षांत त्यांची श्रद्धाही डळमळली. देव आहे की नाही, या प्रश्नाने त्यांना छळले. काही वर्षांनी ते ख्रिस्तसभेच्या आश्रयास परतले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

१८२० च्या सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एक प्रयोग दाखवण्यात आला. डेन्मार्कचे ओर्स्टेड यांना आढळले होते की तारेतून वीज वाहू लागली की जवळची होकायंत्राची सुई हलते. अँपियर यांनी काही दिवसांतच या विषयाचा पाठपुरावा करून आपले निष्कर्ष अकादमीपुढे मांडायला सुरुवात केली. दोन समांतर तारांतून एकाच दिशेने वीज वाहिली तर तारा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि उलट दिशांनी वाहिली तर दूर ढकलल्या जातात, हे त्यांनी दाखवले.

याच वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, आणि आपल्या घराशी तिचाच संबंध आहे. विजेचा दाब वेगळा आणि विजेचा प्रवाह वेगळा, हा भेद त्यांनी नीट मांडला. पाण्याचे उदाहरण घेऊ. टाकी जितकी उंच तितका दाब जास्त. नळातून दर मिनिटाला किती पाणी वाहते, तो प्रवाह. विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात आणि प्रवाह अँपियरमध्ये. दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती. ती वॅटमध्ये मोजतात, आणि हजार वॅट म्हणजे एक किलोवॅट. म्हणून नुसत्या किलोवॅटवरून अँपियर सांगता येत नाहीत. दाब किती, हे आधी विचारावे लागते.

आपल्या घरी येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट धरतात. तेव्हा हिशेब सोपा आहे. किलोवॅटला हजाराने गुणावे आणि २३० ने भागावे. एक किलोवॅटची इस्त्री सुमारे ४.३ अँपियर घेते. दोन किलोवॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपियर घेतो. म्हणून त्याला ६ अँपियरचा लहान प्लग चालत नाही, १६ अँपियरचाच लागतो. एक किलोवॅटची इस्त्री आणि दीड किलोवॅटची किटली ६ अँपियरच्या एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावली तर प्रवाह जवळजवळ ११ अँपियर होतो. मागचा एमसीबी १६ अँपियरचा असेल तर तो पडणार नाही, पण बोर्ड मात्र तापत राहील. शिवाय प्रवाह दुप्पट झाला की वायरमधील उष्णता चौपट होते. पाण्याच्या पंपाची मोटर या हिशेबापेक्षा थोडा अधिक प्रवाह घेते, म्हणून तिच्या पाटीवर लिहिलेले अँपियर पाहावेत.

सणाच्या मंडपाचेही असेच आहे. दहा किलोवॅटचे दिवे एकाच फेजवर टाकले तर सुमारे ४३ अँपियर प्रवाह एका वायरवर येतो. तेच दिवे तीन फेजवर सारखे वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेचौदा अँपियर येतात. दिवे तेवढेच, उजेड तेवढाच. फक्त भार वाटला गेला.

१८३१ मध्ये लिऑनहून एक अठरा वर्षांचा विद्यार्थी पॅरिसला आला. अनोळखी शहरात तो एकटा पडला होता. अँपियर यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. त्याचे नाव फ्रेडरिक ओझानाम. हा विख्यात शास्त्रज्ञ चर्चच्या कोपऱ्यात गुडघे टेकून जपमाळ करताना ओझानाम यांना दिसला आणि त्यांची श्रद्धा दृढ झाली, असे सांगितले जाते. १८३३ मध्ये याच ओझानाम यांनी सोबत्यांसह गोरगरिबांच्या सेवेसाठी संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा पाया घातला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले.

अँपियर १० जून १८३६ रोजी शाळातपासणीच्या दौऱ्यावर असताना मार्सेय येथे वारले. १८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने विद्युतप्रवाहाच्या मापाला त्यांचे नाव दिले.

प्रत्येक वायरची भार सोसण्याची मर्यादा असते, तशी माणसाचीही असते. अँपियर यांनी दुःखाचा भार काय असतो ते भोगले होते, आणि परक्या गावातल्या एका मुलाचा भार त्यांनी हलका केला. एकमेकांचा भार वाहण्याचा संत पौलाचा उपदेश त्यांनी असा आचरणात आणला.

या आठवड्यात आपण दोन गोष्टी कराव्यात अशी आमची विनंती आहे. घरातील प्रत्येक मोठ्या उपकरणाचे अँपियर काढून तो प्लगवरील आकड्याशी ताडून पाहावा, आणि शंका आल्यास परवानाधारक वायरमनला बोलवावे. आणि आपल्या शेजारी कोणी एकटा भार ओढत असेल तर त्याच्या दारावर जरूर थाप मारावी.