श्रद्धेसाठी दोन आघाड्यांवर झुंजलेले रेव्हरंड टिळक

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांनी गाजविलेल्या कीर्तनाचा आणि अभंगाचा वारसा महाराष्ट्राने अनेक रूपांत जपला. सुमारे सहा शतकांनंतर हाच वारसा एका ख्रिस्ती कवीने चर्चमध्ये नेला. त्या कवीचे नाव नारायण वामन टिळक. मात्र, तेथपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना मोठी किंमत मोजावी लागली.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आईच्या निधनानंतर लहान वयातच त्यांनी घर सोडले. नाशिकला त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका म्हणजेच लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नोकऱ्या आणि गावे बदलत संसार सुरू असतानाही धर्मविषयक प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते. जातिभेद त्यांना सलत होता.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. पुढची दोन वर्षे मनातील द्वंद्वाची होती. सत्य पटले होते. पण ते स्वीकारणे म्हणजे जात, नातलग आणि प्रतिष्ठा यांवर पाणी सोडणे होते. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

खरी कसोटी त्यानंतर लागली. लक्ष्मीबाईंवर जणू आकाश कोसळले. मुलगा दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने राहू लागल्या आणि पती-पत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पत्नीवर जिवापाड प्रेम असूनही टिळकांनी श्रद्धा सोडली नाही आणि ती पत्नीवर लादलीही नाही. पुढे लक्ष्मीबाई नगरला पतीकडे परतल्या, त्या आपले सोवळे-ओवळे सांभाळूनच. विचारांती त्यांनी स्वतः जातिभेद टाकला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला.

टिळकांची दुसरी आघाडी चर्चच्या आत होती. ख्रिस्ती होणे म्हणजे परदेशी होणे नव्हे, ही त्यांची ठाम भूमिका होती. पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या गीतांऐवजी त्यांनी अभंग, भजने आणि ख्रिस्ती कीर्तने रचली. तुकारामांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. मराठी कवितेशी असलेले नातेही धर्मांतराने तुटले नाही. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली. त्या संमेलनामागे टिळकांचाच पुढाकार होता.

१९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या वेतनावर पाणी सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही तेथे मुक्तद्वार होते. ही भूमिका अनेक मिशनऱ्यांना रुचणारी नव्हती. उतारवयात मिळकतीचा आधार सोडण्याचा हा निर्णय पहिल्या निर्णयाइतकाच धाडसाचा होता.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले. एकेकाळी ज्यांनी पतीच्या धर्मांतराने हंबरडा फोडला होता, त्याच लक्ष्मीबाईंनी ते पुढे पूर्ण केले. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे हा सारा संघर्ष मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचला.

आज मराठी चर्चमध्ये टिळकांची भजने टाळ-मृदंगाच्या साथीने गायिली जातात. श्रद्धा बदलली तरी मातीशी नाते तुटत नाही, याची साक्ष त्या सुरांतून मिळते.