रिचर्ड ओवेन

सर रिचर्ड ओवेन (२० जुलै, १८०४ – १८ डिसेंबर, १८९२) हे इंग्लिश शरीररचनाशास्त्रज्ञ व पुराजीवशास्त्रज्ञ होते. १८४२ साली त्यांनी डायनोसॉर या प्राणिगटास नाव दिले. जबडे व दात यांच्या जीवाश्मांवरून लुप्त प्राण्यांचे वर्गीकरण करण्याबद्दलही ते प्रसिद्ध आहेत.

जीवन

ओवेन यांचा जन्म इंग्लंडमधील लँकेस्टर येथे झाला. वैद्यकीय शिक्षणानंतर १८२७ साली ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयात साहाय्यक झाले. १८५६ साली त्यांच्याकडे ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गेतिहास विभागांची सूत्रे आली. या संग्रहांसाठी स्वतंत्र इमारत असावी, असा आग्रह त्यांनी धरला. ती लंडनमध्ये १८८१ साली खुली झाली.

स्टोन्सफील्डचे जबडे

ऑक्सफर्डशरमधील स्टोन्सफील्ड येथील जुरासिक खडकांत काही लहान जबडे सापडले होते. इतक्या प्राचीन काळी सस्तन प्राणी असणे अनेकांना अशक्य वाटे. १८३८ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ब्लँव्हिल यांनी हे जबडे सस्तन प्राण्यांचे असल्याबद्दल शंका घेतली. ओवेन यांनी मूळ नमुने तपासून तिचे खंडन केले. सरीसृपांचा खालचा जबडा अनेक अस्थींचा बनलेला असतो, तर या जबड्यांची प्रत्येक बाजू एकाच अस्थीची होती. त्यांच्या दाढांना दोन मुळे होती व सांध्याचा उंचवटा बहिर्गोल होता. त्यामुळे हे प्राणी सस्तनच ठरतात, असे त्यांनी दाखवले. त्यांपैकी एकास त्यांनी फॅस्कोलोथेरियम हे नाव दिले. हा निष्कर्ष पुढे मान्य झाला.

ट्रायटिलोडॉन

१८८४ साली ओवेन यांनी दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या एका अपूर्ण कवटीचे वर्णन केले. तिच्या वरच्या दाढांवर उंचवट्यांच्या तीन रांगा होत्या. दाढांच्या या रचनेवरून त्यांनी ट्रायटिलोडॉनची गणना सस्तन प्राण्यांत केली. मात्र नमुन्यात खालचा जबडा नव्हता. १८९० च्या दशकात हॅरी सीली यांनी या वर्गीकरणास हरकत घेतली. विसाव्या शतकात याच कुलातील इतर प्राण्यांचे खालचे जबडे अभ्यासण्यात आले. ते अनेक अस्थींचे होते व त्यांचा कवटीशी असलेला सांधा सरीसृपांसारखा होता. त्यामुळे ट्रायटिलोडॉन आज सस्तन प्राण्यांचा निकटचा नातेवाईक, म्हणजे सिनोडोंट, मानला जातो. सस्तनांसारख्या दाढा सस्तन नसलेल्या प्राण्यांतही स्वतंत्रपणे विकसित होऊ शकतात, हे या उदाहरणातून स्पष्ट झाले.