लुईस फ्राय रिचर्डसन

लुईस फ्राय रिचर्डसन (जन्म : ११ ऑक्टोबर १८८१, न्यूकॅसल अपॉन टाइन, इंग्लंड, मृत्यू : ३० सप्टेंबर १९५३, किलमन, स्कॉटलंड) हे इंग्लिश गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ व हवामानशास्त्रज्ञ होते. वातावरणाच्या हालचालीची समीकरणे आकडेमोडीने सोडवून हवामानाचा अंदाज काढण्याची पद्धत त्यांनी प्रथम तपशीलवार मांडली आणि प्रत्यक्ष आकडेमोड करून तिची चाचणीही घेतली. ही चाचणी फसली. तरीही त्यांनी ती आकड्यांसह जशीच्या तशी प्रसिद्ध केली. हजारो माणसांनी एकाच वेळी पृथ्वीच्या वेगवेगळ्या भागांची गणिते करावीत, ही त्यांची कल्पना समांतर संगणनाची पूर्वसूचना मानली जाते. संक्षोभाचा सिद्धांत, युद्धांच्या कारणांचा गणिती अभ्यास आणि सागरकिनाऱ्यांच्या लांबीचे मोजमाप या विषयांतही त्यांनी मूलभूत काम केले.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

रिचर्डसन यांचा जन्म क्वेकर पंथीय कुटुंबात झाला. वडील डेव्हिड रिचर्डसन यांचा कातडी कमावण्याचा व्यवसाय होता. आईचे नाव कॅथरीन फ्राय. सात भावंडांत लुईस सर्वांत धाकटे होते. क्वेकर हा युद्धाला आणि हिंसेला विरोध करणारा ख्रिस्ती पंथ आहे. या श्रद्धेचा रिचर्डसन यांच्या आयुष्यावर अखेरपर्यंत प्रभाव राहिला.

यॉर्क येथील बूथम या क्वेकर शाळेत शिकल्यानंतर त्यांनी १८९८ मध्ये न्यूकॅसलच्या डरहॅम कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रवेश घेतला. १९०० मध्ये ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेले. तेथे जे. जे. थॉमसन हे त्यांचे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. १९०३ मध्ये ते निसर्गविज्ञान विषयात प्रथम वर्गात पदवीधर झाले. १९०९ मध्ये त्यांचा विवाह डोरोथी गार्नेट यांच्याशी झाला. या दांपत्याने तीन मुले दत्तक घेतली. प्रसिद्ध अभिनेते राल्फ रिचर्डसन हे लुईस यांचे पुतणे होत.

आकडेमोडीच्या पद्धतीचा शोध

पदवीनंतरच्या दहा वर्षांत रिचर्डसन यांनी अनेक नोकऱ्या केल्या. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, अॅबरिस्टविथचे महाविद्यालय, पीट या इंधनाचा उद्योग करणारी कंपनी आणि विजेचे दिवे बनवणारा कारखाना अशा ठिकाणी ते होते. पीटच्या दलदलीतून पाणी काढण्यासाठी चर कसे खणावेत, हा प्रश्न कंपनीत त्यांच्यापुढे आला. पाण्याच्या वहनाचे समीकरण माहीत होते, पण दलदलीचा आकार वेडावाकडा असल्यामुळे ते नेहमीच्या गणिताने सुटत नव्हते. रिचर्डसन यांनी क्षेत्रावर चौकोनांची जाळी कल्पिली. सलग बदलांच्या जागी शेजारच्या बिंदूंवरील मूल्यांमधील फरक घेतले आणि समीकरणाचे रूपांतर साध्या बेरीज-वजाबाकीत व गुणाकार-भागाकारात केले.

हीच पद्धत वापरून दगडी धरणाच्या भिंतीतील ताणांचे गणित त्यांनी केले आणि १९१० मध्ये रॉयल सोसायटीला सादर केले. यातील आकडेमोड काही मुलांना कामावर ठेवून करून घेण्यात आली. मुलांना सोडवलेल्या बिंदूंच्या संख्येनुसार पैसे मिळत आणि चुकलेली गणिते हिशेबात धरली जात नसत. सर्वांत जलद मुलांपैकी एक जण चुका वगळून आठवड्याला सरासरी २,००० क्रिया करी. मोठे गणित अनेकांत वाटून देणे, कामाचा वेग मोजणे आणि चूक तिथल्या तिथे पकडणे यांचा अनुभव रिचर्डसन यांना येथे मिळाला.

१९१२ मध्ये टायटॅनिक जहाज बुडाल्यानंतर ध्वनिलहरींच्या परावर्तनाने हिमनग ओळखण्याच्या उपायाचे एकस्व घेण्यासाठी त्यांनी अर्ज केला होता.

हवामान खात्यातील काम आणि महायुद्ध

१९१३ मध्ये रिचर्डसन यांची दक्षिण स्कॉटलंडमधील एस्कडेलम्युअर वेधशाळेच्या अधीक्षकपदी नेमणूक झाली. त्या काळी पूर्वीच्या नकाशांशी आजचा नकाशा ताडून अंदाज वर्तवला जाई. नॉर्वेचे शास्त्रज्ञ विल्हेल्म बियर्क्नेस यांनी १९०४ मध्ये वेगळी दिशा सुचवली होती. वातावरण भौतिकशास्त्राच्या नियमांनी बांधलेले आहे. तेव्हा आजची स्थिती पुरेशी अचूक माहीत असेल, तर उद्याची स्थिती गणिताने काढता यावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र ही समीकरणे सोडवण्यासाठी त्यांनी आलेखांचा मार्ग धरला. रिचर्डसन यांनी त्यांना आपली जाळीची पद्धत लावली.

१९१६ मध्ये त्यांनी वेधशाळेचा राजीनामा दिला. शस्त्र हाती घेण्यास त्यांचा तात्त्विक विरोध होता, पण युद्धात होरपळणाऱ्यांपासून दूर राहणेही त्यांना मान्य नव्हते. क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात ते दाखल झाले आणि फ्रान्समध्ये १९१९ पर्यंत जखमी सैनिकांची ने-आण करीत राहिले. हवामानाच्या अंदाजाची चाचणी त्यांनी तेथेच, आघाडीवरून विश्रांतीसाठी मागे आल्यावर मिळणाऱ्या वेळात, गवताच्या ढिगावर बसून केली. एप्रिल १९१७ मधील शँपेनच्या लढाईच्या वेळी त्यांचे हस्तलिखित पिछाडीला पाठवण्यात आले आणि वाटेत हरवले. काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले.

१९१० सालच्या एका दिवसाचा अंदाज

चाचणीसाठी रिचर्डसन यांनी २० मे १९१० हा दिवस निवडला. त्या दिवशी युरोपात अनेक ठिकाणी निरीक्षणाचे फुगे सोडले गेले होते आणि बियर्क्नेस यांनी त्या दिवसाचे नकाशे प्रसिद्ध केले होते. मध्य युरोपचा नकाशा त्यांनी बुद्धिबळाच्या पटासारखा विभागला. घरांची बाजू सुमारे २०० किलोमीटर होती. एका आड एक घरांत वायुदाब आणि वारा अशी विभागणी होती, तर उंचीनुसार वातावरणाचे पाच थर केले होते. म्यूनिकजवळील एका स्तंभात सकाळी ४ ते १० या सहा तासांत दाब किती बदलतो, हे काढायचे होते. सर्व आकडेमोड स्लाइड रूल या सरकत्या मोजपट्टीच्या साहाय्याने झाली. दोन स्तंभांचे गणित आणि त्यासाठी लागणारे तक्ते तयार करायला सुमारे सहा आठवडे लागले.

उत्तर आले ते असे, की सहा तासांत दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी वायुभारमापकात जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता. एखाद्या तीव्र चक्रीवादळाच्या केंद्रातही दाबाचा एवढा फरक क्वचितच पडतो.

रिचर्डसन यांनी हे उत्तर लपवले नाही. १९२२ मध्ये केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केलेल्या 'वेदर प्रेडिक्शन बाय न्यूमेरिकल प्रोसेस' या ग्रंथात त्यांनी मूळ निरीक्षणे, समीकरणे आणि क्रमांक दिलेले २३ गणन-तक्ते भरलेल्या आकड्यांसह छापले. कोणता आकडा कोणत्या तक्त्यातून पुढे आला, हे वाचकाला एकेक पायरी मागे जाऊन तपासता येत होते. चूक मुख्यतः प्रारंभिक वाऱ्यांच्या नोंदींत असावी, असे त्यांचे निदान होते. गणित सुरू करण्यापूर्वी निरीक्षणांतील अनियमितपणा कमी करण्याचे काही मार्गही त्यांनी सुचवले.

अंदाजाचा कारखाना

याच ग्रंथात रिचर्डसन यांनी एक कल्पनाचित्र रंगवले आहे. हवामान घडते त्याहून वेगाने त्याचे गणित व्हायचे असेल, तर किती माणसे लागतील, याचा हिशेब त्यांनी केला. संपूर्ण पृथ्वीवर ३,२०० स्तंभ येतात. उष्ण कटिबंधातील हवामान बरेचदा आधीच माहीत असते, असे मानून त्यांनी २,००० स्तंभ धरले. प्रत्येकाला ३२ माणसे, म्हणजे एकूण ६४,००० गणक. गणक हा शब्द त्या काळी यंत्रासाठी नव्हे, तर आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी वापरला जाई.

हे गणक नाट्यगृहासारख्या एका प्रचंड गोल दालनात बसतात. भिंतींवर जगाचा नकाशा आहे. छत म्हणजे उत्तर ध्रुवाचा प्रदेश, तर तळ म्हणजे अंटार्क्टिका. प्रत्येक गणक आपल्या भागातील एकच समीकरण किंवा त्याचा अंश सोडवतो. त्याचे ताजे उत्तर दिव्यांच्या फलकावर झळकते, म्हणजे शेजारच्या भागांतील गणकांना ते वाचून पुढे जाता येते. मध्यभागी उंच स्तंभावर मुख्य अधिकारी उभा आहे. जो भाग पुढे धावतो त्याच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, मागे पडणाऱ्यावर निळा. वापरलेले तक्ते तळघरात जपून ठेवले जातात. शेजारच्या इमारतीत संशोधन विभाग आहे. गणनेच्या पद्धतीत कोणताही बदल करण्यापूर्वी तेथे तो लहान प्रमाणावर करून पाहिला जातो.

आजच्या वातावरणीय प्रतिमानांची रचना या चित्राशी बरीच जुळते. पृथ्वीचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळ्या प्रक्रियकाकडे सोपवला जातो. प्रत्येक कालपायरीनंतर तुकड्यांच्या कडेवरील मूल्ये शेजाऱ्यांना पाठवावी लागतात. एक प्रक्रियक मागे पडला तर बाकीच्यांना थांबावे लागते, म्हणून कामाचे वाटप समतोल ठेवणे हा समांतर संगणनातील कायमचा प्रश्न आहे. कडेवरचे मूल्य उशिरा पोहोचले किंवा जुनेच वापरले गेले, तर उत्तर चुकते आणि अशी चूक शोधणे कठीण असते. त्यामुळे मधल्या पायऱ्यांची मूल्ये जतन करून आधीच्या खात्रीच्या उत्तरांशी ताडून पाहिली जातात आणि बदल आधी लहान प्रमाणावर तपासला जातो.

चुकीचा उलगडा

रिचर्डसन यांच्या पद्धतीत दोन वेगळे दोष होते. पहिला प्रारंभिक माहितीतला. जमिनीवरचा वायुदाब म्हणजे वरच्या हवेच्या स्तंभाचे वजन. काही थरांत हवा आत येते, तर काहींत बाहेर जाते, आणि या मोठ्या आकड्यांची बेरीज जवळजवळ शून्य होते. वाऱ्याच्या नोंदींत थोडीशी चूक असली, तरी हा तोल बिघडतो आणि फार मोठा दाबबदल दिसू लागतो. निरीक्षणांतील दाब आणि वारा एकमेकांशी जुळत नसले, की गणितात वेगवान गुरुत्व तरंग उठतात. खऱ्या वातावरणात ते एवढे मोठे नसतात.

दुसरा दोष पुढे दडलेला होता. १९२८ मध्ये कुरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी या गणितज्ञांनी दाखवले, की कालपायरी जाळीच्या घराच्या मानाने लहान नसेल तर आकडेमोड अस्थिर होते. सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाचा तरंग २०० किलोमीटरचे घर सुमारे ११ मिनिटांत ओलांडतो. रिचर्डसन यांची कालपायरी ३ तासांची होती. त्यांनी एकच पायरी मोजल्यामुळे १४५ हेक्टोपास्कलच्या उत्तरात या दोषाचा वाटा नव्हता. पण गणित पुढे चालू ठेवले असते, तर ते निश्चितच कोसळले असते.

आयरिश हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी छापील तक्त्यांच्या आधारे ही संपूर्ण आकडेमोड संगणकावर पुन्हा केली. उत्तर पुन्हा सुमारे १४५ हेक्टोपास्कलच आले. म्हणजे युद्धभूमीवर हाताने केलेले गणित मूलतः बरोबर होते. त्यानंतर लिंच यांनी प्रारंभिक माहितीतील गुरुत्व तरंग गाळून तेच गणित केले, तेव्हा दाबबदल १ हेक्टोपास्कलहूनही कमी आला आणि तो वास्तवाशी जुळणारा होता. आकडे लपवले असते किंवा केवळ निष्कर्ष छापला असता, तर हा शोध शक्य झाला नसता.

सैन्याशी फारकत आणि पुढील संशोधन

युद्धानंतर रिचर्डसन ऑक्सफर्डशायरमधील बेन्सन येथे पुन्हा हवामान खात्यात रुजू झाले. खाते हवाई मंत्रालयाच्या अखत्यारीत गेल्यावर १९२० मध्ये त्यांनी विवेकाला स्मरून राजीनामा दिला. त्यानंतर ते वेस्टमिन्स्टर ट्रेनिंग कॉलेजात भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि १९२९ ते १९४० या काळात स्कॉटलंडमधील पेझली टेक्निकल कॉलेजचे प्राचार्य होते.

हवेचा प्रवाह केव्हा संक्षुब्ध होतो हे दर्शवणारा अंक आज रिचर्डसन अंक म्हणून ओळखला जातो. जाळी बारीक करीत मिळवलेल्या उत्तरांवरून अधिक अचूक उत्तर काढण्याच्या रीतीलाही त्यांचे नाव आहे. १९२६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. हवेतील विसरणावरचे आपले काम विषारी वायूंच्या तज्ज्ञांना उपयोगी वाटते, हे लक्षात आल्यावर त्यांनी हवामानशास्त्रातील संशोधन थांबवले. पुढे ते मानसशास्त्राकडे व युद्धांच्या अभ्यासाकडे वळले. शस्त्रस्पर्धेची समीकरणे त्यांनी मांडली आणि युद्धांची आकडेवारी जमवली. देशांच्या सीमांची लांबी मोजताना मोजपट्टी लहान केली की लांबी वाढत जाते, हे त्यांना आढळले. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचा आधार बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये घेतला.

अखेरची वर्षे आणि वारसा

१९५० मध्ये अमेरिकेत ज्यूल चार्नी, राग्नार फ्योर्टोफ्ट आणि जॉन फॉन नॉयमन यांनी एनियॅक या इलेक्ट्रॉनिक संगणकावर पहिले यशस्वी हवामान अंदाज काढले. गुरुत्व तरंग मुळातच वगळणारे सोपे समीकरण त्यांनी वापरले होते. २४ तासांच्या अंदाजाला जवळजवळ २४ तासच लागले. चार्नी यांनी हे निष्कर्ष रिचर्डसन यांना पाठवले. रिचर्डसन यांनी त्यांचे अभिनंदन केले. छापलेले नकाशे त्यांनी डोरोथी यांना दाखवून तुलना करायला सांगितले; संगणकाचा अंदाज प्रत्यक्ष स्थितीच्या किंचित अधिक जवळ आहे, असा डोरोथी यांचा कौल पडला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, ३० सप्टेंबर १९५३ रोजी, रिचर्डसन यांचे निधन झाले. १९५४ च्या अखेरीस स्वीडनमध्ये संगणकाने दैनंदिन अंदाज काढण्यास सुरुवात झाली.

त्यांची पद्धत आज जगभरच्या हवामान केंद्रांत महासंगणकांवर वापरली जाते. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये कार्यान्वित झालेला 'प्रत्युष' हा महासंगणक याच परंपरेतला आहे. युरोपियन जिओसायन्सेस युनियनतर्फे अरेषीय भूभौतिकीतील कार्यासाठी लुईस फ्राय रिचर्डसन पदक दिले जाते. लँकेस्टर विद्यापीठातील शांतता-अभ्यासाच्या संस्थेलाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.