मुख आणि मन : लक्ष्मीबाई टिळक

वाणीविषयी येशू ख्रिस्ताची शिकवण मोठी कठोर आहे. झाडाची पारख जशी फळावरून, तशी माणसाच्या अंतःकरणाची पारख त्याच्या बोलण्यावरून होते. आत जे काठोकाठ भरलेले असते तेच मुखावाटे बाहेर सांडते. आणि सहज उच्चारलेल्या पोकळ शब्दाचाही हिशेब माणसाला एके दिवशी द्यावा लागेल, असे त्याने बजावले आहे. आमचे आयुष्य केंद्र सरकारच्या टिपणांत आणि मसुद्यांत गेले. मनातले काही कळू नये अशाच बेताने जेथे भाषा वापरली जाते, तेथे तीसेक वर्षे काढलेल्या आम्हांस ही शिकवण विशेष झोंबते. मग मनात येते ते लक्ष्मीबाई टिळकांचे चरित्र.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या त्या मनू गोखले. वडिलांचे सोवळे इतके विलक्षण की बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. अशा घरातली ही मुलगी बालवयातच, १८८० साली, नारायण वामन टिळकांच्या घरी आली. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती पतीकडून, तीही संसाराच्या धांदलीत. टिळक कवी, विद्वान, वक्ते. पण स्वभावाने फिरस्ते, पैशाच्या बाबतीत उदासीन आणि रागाला अत्यंत तडक. राग आला की भान राहत नसे आणि ओसरला की पश्चात्तापाला सीमा नसे. त्यांचेही मन मुखावाटेच बाहेर येई, फरक इतकाच की ते वादळासारखे येई.

१८९३ च्या सुमारास रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांना बायबलचा नवा करार वाचावयास दिला. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी त्या वेळी जवळ नव्हती. लहानग्या मुलाला घेऊन आप्तांच्या आधाराने, नाशकात, पंढरपुरात, लक्ष्मीबाईंनी चार-पाच वर्षे काढली. पती हयात असून सौभाग्य नसल्यासारखे ते जिणे. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या स्त्रीवर याहून मोठा घाव कोणता पडावा, हे आजच्या पिढीला सांगूनही कळणे कठीण आहे.

पुढे त्या मुलासह अहमदनगरला पतीकडे आल्या, आणि आमच्या मते या चरित्रातला सर्वांत मोलाचा भाग येथे सुरू होतो. त्या आल्या, पण ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपले सोवळे, आपला स्वयंपाक त्यांनी वेगळा ठेवला. पतीला हवे ते एक वाक्य बोलून टाकले असते तर घरातला ताण त्याच दिवशी मिटला असता. मिशनच्या मंडळींनीही कौतुकच केले असते. मन जेथवर पोहोचलेले नाही तेथवर त्यांनी जिभेला जाऊ दिले नाही. मग जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःच्याच मनाशी निकाल लावला, कोणा धर्मोपदेशकाचे व्याख्यान ऐकून नव्हे. निकाल लागल्यावर मात्र तो लपवला नाही. कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या मोकळ्या झाल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. धर्मांतराविषयी वाचकांचे मत काहीही असो, हा सावकाशपणा सच्चेपणाचा आहे हे कोणालाही मान्य व्हावे.

नंतरचे त्यांचे घर म्हणजे आल्यागेल्याचे आश्रयस्थान. नकोशी म्हणून टाकलेली नकुशी तेथे लेक झाली. बालकवी ठोंबरे तेथे घरच्या मुलासारखे राहिले. टिळकांची रेव्हरंड म्हणून, कवी म्हणून, 'ज्ञानोदय'चे संपादक म्हणून कीर्ती झाली. इंग्रजी प्रार्थनागीतांच्या बोजड भाषांतरांच्या जागी त्यांनी अभंगाची, भजनाची मराठी चाल आणली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानीत. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले.

टिळकांचे चरित्र लिहावे म्हणून चिरंजीव देवदत्त यांनी आईला आठवणी लिहावयास सांगितले. त्यातून 'स्मृतिचित्रे' झाले. १९३४ पासून त्याचे भाग निघू लागले. पुस्तक लिहिलेले असले तरी कानांना ते बोललेलेच वाटते. ओट्यावर बसून सुपात तांदूळ निवडता निवडता एखादी बाई सांगत जावी, तशी ती भाषा आहे. टिळकांचा संताप, मारहाण, घर सोडून जाणे, काहीही त्यांनी झाकलेले नाही. पण शोधूनही सापडत नाही ते विष. ज्या प्रसंगी दुसरे कोणी आरोपपत्र लिहिले असते, तेथे त्या प्रथम स्वतःला हसतात, मग नवऱ्याला. याला कोणी कलेची युक्ती म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. चार भागांच्या पुस्तकात युक्ती इतका वेळ टिकत नाही. आत कडवटपणा साठलेला असता तर कोठेतरी एखाद्या ओळीत तो सांडलाच असता. पुस्तकाची संक्षिप्त आवृत्तीही निघाली आहे, पण वाचकांनी मूळ पुस्तकच वाचावे, अशी आमची सूचना आहे.

टिळकांच्या पश्चात मुलाबरोबर लक्ष्मीबाई काही काळ कराचीस राहिल्या. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तरी भाषा, माणसे, हवापाणी सारे परके. नोकरीमागोमाग परप्रांतात आलेले कुटुंब कसे राहते, हे जयनगरातल्या आपल्या मंडळींस वेगळे सांगावयास नको. येथे वाढलेली आपली नातवंडे खेळताना पडली की त्यांच्या तोंडून अय्यो निघते, आई गं नव्हे, म्हणून पुष्कळ आज्यांना वाईट वाटते. आम्हांस त्यात वाईट वाटत नाही. दुखले तेव्हा जे निघाले ते खरे, मग ते कानडी असो की मराठी. काळजी वाटते ती पाहुण्यांसमोर घोकून म्हटलेल्या शुद्ध मराठीची.

'ख्रिस्तायन' हे टिळकांचे ओवीबद्ध काव्य सुरुवातीच्या काही अध्यायांनंतर अपुरे राहिले होते. त्याचा बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनी, साठी उलटलेली असताना, लिहून काढला. ज्या धर्मापायी संसार एकदा मोडला, त्याच धर्माच्या प्रभूची कथा ज्याने तो मोडला त्याच्याच शब्दापुढे शब्द ठेवून त्या रचीत होत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. 'स्मृतिचित्रे'चा चौथा भाग त्यानंतर प्रसिद्ध झाला, आणि 'ख्रिस्तायन' १९३८ साली.