भूचुंबकत्वाचे उपासक : नानाभॉय मूस

होकायंत्रातील सूची उत्तर-दक्षिण दिशा दाखविते, हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या डोळ्यांना ती अगदी स्थिर भासते. परंतु अतिशय नाजूक उपकरणाने पाहिल्यास ती रात्रंदिवस किंचित हलत असल्याचे आढळते. कधी ती दिवसभरात सावकाश सरकते, तर कधी काही सेकंदांच्या किंवा मिनिटांच्या अंतराने लयीत थरथरते. या थरथरीला भूचुंबकीय स्पंदने म्हणतात. सूर्याकडून विद्युत्भारित कणांचा प्रवाह सतत वेगाने वाहत असतो. तो पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय आवरणावर आदळला, म्हणजे त्या आवरणात लाटा उठतात आणि छेडलेल्या सतारीच्या तारांप्रमाणे तेथील चुंबकीय बलरेषा कंप पावतात. तो कंप जमिनीवरील सूचीपर्यंत येऊन पोहोचतो. असे सूक्ष्म कंप टिपण्यासाठी मुंबईजवळ एक शांत जागा ज्यांनी निर्माण केली, ते शास्त्रज्ञ म्हणजे नानाभॉय आर्देशीर फ्रामजी मूस.

मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ रोजी एका पारशी कुटुंबात झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्याच्या आरंभी पृथ्वीवर एक प्रचंड चुंबकीय वादळ झाले होते. इंग्लंडमधील क्यू येथील वेधशाळेच्या नोंदींत त्या वेळी लहान लहान तरंग उमटले आणि बाल्फोर स्ट्यूअर्ट या शास्त्रज्ञाने १८६१ साली ते जगापुढे मांडले. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेतही या वादळाची नोंद झाली. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे चालू होती. एरवी निरीक्षक तासातासाला नोंद करीत. परंतु वादळाच्या वेळी काही मिनिटांनी पुनःपुन्हा नोंदी घेत.

एडिंबरो येथे उच्च शिक्षण घेतलेले मूस १८९६ साली या वेधशाळेचे संचालक झाले. त्या पदावर नेमले गेलेले ते पहिले भारतीय होत. लवकरच त्यांच्यापुढे एक कठीण प्रश्न उभा राहिला. मुंबईतील ट्रामगाड्या तोपर्यंत घोडे ओढीत असत. आता त्या विजेवर चालवावयाच्या होत्या. ट्रामची वीज रुळांतून परत जाताना तिचा काही भाग जमिनीत झिरपतो आणि आसपास चुंबकीय परिणाम घडवितो. म्हणजे प्रत्येक ट्रामबरोबर वेधशाळेतील सूची हलली असती. मग पृथ्वीची थरथर कोणती आणि ट्रामची कोणती, हे ओळखणार कसे? अर्ध्या शतकाहून अधिक काळ जपलेल्या निरीक्षणांची साखळी तुटण्याची वेळ आली.

शहराला ट्राम हवी होती आणि शास्त्राला शांतता हवी होती. मूस यांनी दोहोंचाही मान राखणारा मार्ग काढला. नवी जागा शहराच्या गडबडीपासून दूर हवी. परंतु जुन्या नोंदींशी नव्या नोंदी जुळाव्यात म्हणून ती मुंबईपासून फार लांबही असून चालणार नव्हते. मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर समुद्रकाठी असलेले अलिबाग त्यांनी निवडले. लोखंड जवळ आले की सूची विचलित होते. म्हणून तेथील इमारतींसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड वापरला गेला आणि लोखंडाऐवजी तांबे व पितळ यांसारखे धातू योजण्यात आले.

१९०४ साली अलिबागेस निरीक्षणे सुरू झाली. तथापि मूस यांनी कुलाब्याचे काम लगेच थांबविले नाही. जुना तराजू टाकून नवा घेताना शहाणा दुकानदार एकच धान्य दोन्हींत तोलून पाहतो. त्याचप्रमाणे १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांतील फरक ठरविण्यात आला. त्यामुळे १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा निरीक्षणांची साखळी अखंड राहिली होती.

यानंतर १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास करून मूस यांनी १९१० साली दोन भागांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी गणकयंत्रांची आजच्यासारखी सोय नव्हती. असंख्य आकडे माणसांनीच मांडावयाचे व तपासावयाचे होते. चुंबकीय वादळात पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा आडवा घटक प्रथम एकाएकी वाढतो, नंतर पुष्कळ घटतो आणि मग सावकाश पूर्वपदावर येतो, हा क्रम त्यांनी दाखवून दिला. पुढे सिडनी चॅपमन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना या कामाचा उपयोग झाला. मूस १९१९ साली निवृत्त झाले आणि १९३६ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे अलिबागची वेधशाळा राहिली. भारतीय भूचुंबकत्व संस्था आज ती चालविते. कुलाब्याच्या वहीतील १८५९ च्या वादळाच्या आकड्यांवरून २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या वादळाच्या सामर्थ्याचा अंदाज बांधला. ज्यांनी ते आकडे लिहिले, त्यांना त्यांचा पुढे असा उपयोग होईल याची कल्पनाही नव्हती. आज नोंदलेला एखादा आकडा शंभर वर्षांनी कोणाच्या उपयोगी पडेल, हे कोणासही सांगता येत नाही. म्हणूनच तो अचूक नोंदावा लागतो आणि जपावा लागतो. मूस यांनी हे व्रत आयुष्यभर पाळले.