फादर थॉमस स्टीफन्स : कर्तव्याच्या धावपळीत जपलेले स्वप्न

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला की फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव प्रथम घेतले जाते. ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून आपण त्यांचा अभिमान बाळगतो, परंतु हे महाकाव्य त्यांनी कोणत्या परिस्थितीत रचले, याचा विचार आपण क्वचितच करतो.

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात सुमारे १५४९ साली त्यांचा जन्म झाला. त्यांच्या तारुण्यात मायदेशी कॅथलिक श्रद्धा उघडपणे आचरणे धोक्याचे होते. १५७५ साली रोम येथे त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. पूर्वेकडे जाऊन सुवार्ताकार्य करावे, हे त्यांचे पहिले स्वप्न होते. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास पोहोचले.

पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांनी साष्टी भागात सेवा केली. भाविकांची आध्यात्मिक देखभाल, धर्मशिक्षण, संघातील अधिकारपदे अशा जबाबदाऱ्या त्यांच्यावर होत्या. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांची हत्या झाली. मंदिरांच्या विध्वंसामुळे गावकऱ्यांच्या मनात रोष धुमसत होता. अशा वातावरणात त्या सहकाऱ्यांचे मृतदेह परत मिळवून त्यांचे दफन करण्याचे दुःखद कामही फादर स्टीफन्स यांनाच करावे लागले.

या साऱ्या धावपळीत त्यांनी लोकांची भाषा आत्मसात केली. जुनी पुराणे हातची गेल्यामुळे नवख्रिस्ती लोकांच्या मनात पोकळी निर्माण झाली होती. ती फादरांनी ओळखली. त्यांच्याच ओवीछंदात तारणाची कथा सांगावी, हा ध्यास त्यांनी घेतला. त्यातून १०,९६२ ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ साकार झाले. पहिल्या पुराणात जुन्या कराराची, तर दुसऱ्यात प्रभू येशूच्या जीवनाची कथा आहे. १६१६ साली हा ग्रंथ रायतूर येथे छापला गेला, तेव्हा फादरांनी वयाची पासष्टी ओलांडली होती.

तथापि त्यांचे एक स्वप्न अपुरेच राहिले. ग्रंथ येथील लोकांच्या लिपीत छापला जावा, अशी त्यांची इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोममधील वरिष्ठांना पत्र लिहून तशी विनंतीही केली होती. परंतु जोडाक्षरांमुळे शेकडो साचे घडवावे लागणार होते. अखेर मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या गेल्या. फादर स्टीफन्स १६१९ साली निवर्तले. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरणही त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली प्रसिद्ध झाले. पुढे प्रा. शांताराम बंडेलू यांनी ‘ख्रिस्तपुराण’ देवनागरीत आणले. ही आवृत्ती १९५६ साली, आपल्या पुण्यात, म्हणजे मूळ प्रकाशनानंतर ३४० वर्षांनी निघाली.

प्रिय वाचकहो, ताथवडे परिसरात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना ही कथा जवळची वाटावी. कोणी चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, कोणी हिंजवडीच्या वाहतूककोंडीत दररोज अडकतो. घरी कर्जाचे हप्ते, मुलांचा अभ्यास आणि वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी असते. मग गाणे शिकणे, राहिलेली पदवी पूर्ण करणे, चार ओळी लिहिणे हे सारे ‘पुढे पाहू’ म्हणून मागे पडते. फादर स्टीफन्स यांना कर्तव्यातून सुटका मिळाली नाही आणि त्यांनी ती मागितलीही नाही. ज्या लोकांची सेवा ते करीत होते, त्यांच्याच गरजेतून त्यांचे काव्य उगवले. आपल्या दैनंदिन कामात आपल्या स्वप्नाचे बी कोठे दडले आहे, हे आपणही शोधून पाहू या. ते पूर्ण झालेले पाहणे कदाचित आपल्या वाट्याला येणार नाही. तरीही आपण केलेली सुरुवात व्यर्थ जात नाही. ती पुढे नेणारे हात देव योग्य वेळी उभे करतो.